काटाबाईंवर मी केलेली तक्रार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इमारतीच्या समितीचे प्रमुख, पाणीखात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअरसाहेब. वॉर्ड कचेरीतून मुद्दाम वेळ काढून आलेल्या सफाई खात्याच्या अधिकारी मॅडम. माझ्या डाव्या हाताला बसलेले समितीचे चिटणीस, आपले दंतवैद्य. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती काटाबाई. आणि समोर बसलेल्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांतल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, बंधूंनो, भगिनींनो, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून जिन्यात बसलेल्या मुलांनो, सर्वांना माझा नमस्कार.

टाळ्या जपून वाजवा. पुढे माझ्यासाठी वाजवाव्याशा वाटतील की नाही, सांगता येत नाही.

तुम्ही सगळे मला मीटरकाका म्हणता. एकतीस वर्षं मी वीजखात्यात मीटर तपासत हिंडलो. या नोकरीनं मला एक गोष्ट शिकवली. दार उघडल्याबरोबर कोणी फार प्रेमानं 'या, या, आधी चहा घ्या' म्हणालं, की चहा नाकारायचा आणि सरळ मीटरचं सील बघायचं. दहातल्या सात घरांत तार वळवलेली सापडायची. तेव्हा गेल्या सोमवारी समितीचे तिघे माझ्याकडे आले आणि 'काका, निरोपाचं भाषण तुमच्याशिवाय कोण करणार?' असं अगदी मधाळ आवाजात म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. या इमारतीत उत्तम बोलणारे प्राध्यापक आहेत, नाटकात काम केलेल्या दोन वहिनी आहेत. मग मीच का? आमच्या हिनं विचारलं, 'अहो, साधं मानानं बोलावलंय, त्यात कसला वास येतोय तुम्हाला?' मी म्हटलं, वास येतोय खरा, कसला ते कळत नाही अजून.

मग निमंत्रणपत्रिका हातात पडली. तिच्यावर छापलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत असलेल्या'. प्रकृतीच्या? मंडळी, जरा बाईंकडे बघा. नऊ वर्षं दर शनिवारी सकाळी या बाई हुकाचा वजनकाटा खांद्याला लावून चार मजले चढल्या. लिफ्ट बंद असताना चढल्या आणि चालू असतानाही चढल्या, कारण लिफ्टमध्ये बादल्या सांडतात म्हणून आपणच त्यांना मनाई केली होती. दुसऱ्या मजल्यावर दम लागून कठडा धरून उभा राहतो तो मी. बाईंची प्रकृती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

तर मग या का जाताहेत? त्याचं कारण माझी एक तक्रार आहे. आठ महिन्यांपूर्वी मी समितीकडे लेखी तक्रार दिली आणि तिची एक प्रत वॉर्ड कचेरीत पाठवली. ती आजही मॅडमच्या त्या निळ्या फाईलमध्ये आहे. त्याच फाईलमध्ये आणखी एक कागद आहे. वॉर्डातल्या बावीस इमारतींत कचरा तोलायची पद्धत शिकवायला एक जागा निघाली आहे आणि त्या यादीत पहिलं नाव काटाबाईंचं आहे. नावापुढे लाल शाईत शेरा आहे, 'तक्रार प्रलंबित'. यादी उद्या वर जाणार. शेरा राहिला तर नाव कटणार. हे मला कसं ठाऊक? मी कचेरीत जाऊन आलो म्हणून. ते पुढे सांगतो.

अध्यक्षसाहेब, घड्याळाकडे बघू नका. आपण मला पाच मिनिटं दिली होतीत हे लक्षात आहे.

ज्यांना ठाऊक नाही अशा नव्या बिऱ्हाडांसाठी थोडं मागचं सांगतो. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या कचरा डेपोला आग लागली आणि अकरा दिवस विझेना. भर उकाड्यात आपण खिडक्या लावून बसलो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना जळकट वास यायचा. तेव्हा याच खोलीत सभा झाली आणि अध्यक्ष म्हणाले, 'तिथे जे जळतंय ते आपणच पाठवलेलं आहे.' अध्यक्षांच्या सगळ्याच वाक्यांवर माझा विश्वास बसतो असं नाही, पण हे वाक्य त्यांचं खरं होतं.

मग पुढे काय करायचं यावर दोन तास चर्चा झाली. कोणी म्हणालं पत्रकं वाटा, कोणी म्हणालं तज्ज्ञ बोलवा. काटाबाई तेव्हा आपले जिने झाडायला येत. त्याआधी बारा वर्षं भंगाराच्या दुकानात त्या काट्यावर बसत होत्या. त्या केरसुणी हातात धरून दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'सांगून कोण ऐकतंय? तोला. आपला आकडा शेजाऱ्याला दिसला की माणूस आपोआप सुधारतो.'

तिथून आपली पद्धत सुरू झाली. शनिवारी सकाळी प्रत्येकानं दाराबाहेर दोन बादल्या ठेवायच्या, ओली आणि सुकी. बाई काटा अडकवणार, आकडा मोठ्यानं वाचणार आणि खाली जिन्याजवळच्या फळ्यावर घराच्या नंबरासमोर खडूनं लिहिणार. ओलं सगळं मागच्या अंगणातल्या खताच्या खड्ड्यात जायचं. सुकं वेगळं करून भंगारात. उरलं तेवढंच डेपोच्या गाडीत. पहिल्या शनिवारी सगळ्या इमारतीची बेरीज तीनशे दहा किलो झाली. आमचं घर नऊ किलो. माणसं किती, तर दोन.

मी पहिल्यापासून बाईंशी वाद घालत असे. मी म्हणायचो, 'बाई, माझ्या घरची दुधीची सालं आणि शिळा भात यानं म्हणे पृथ्वी तापते! मला हे पटत नाही.' त्या म्हणायच्या, 'साहेब, डेपोत जा आणि बघा. वरून शंभर गाड्यांचा भार पडतो. खालच्या अन्नाला हवा मिळत नाही. ते कुजतं आणि गॅस सोडतं. तोच वर जाऊन उष्णता धरून ठेवतो, आणि तोच पेटतो.' मी पुस्तकं काढून खात्री केली. गॅसचं नाव मिथेन, आणि उष्णता धरून ठेवण्यात तो गाडीच्या धुरापेक्षा कितीतरी पटींनी वरचढ. खड्ड्यात कचरा पालापाचोळ्याबरोबर वरखाली केला, त्याला हवा लागली, की तो गॅस फारसा होत नाही. आणि मुळात अन्न फेकलंच नाही तर ते पिकवायला लागलेलं पाणी, आणायला लागलेलं डिझेल, फ्रिजची वीज, सगळंच वाचतं. विजेचं म्हटल्यावर मी थोडा नरमलो.

तरी एकदा मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, 'बाई, आपण चार किलो कमी केले म्हणून जगातल्या कोणाच्या कपाळावरचा घाम कमी झाला, ते दाखवा.' त्या काटा पुसत म्हणाल्या, 'तुम्ही एका घरात चोरी पकडायचात, तेव्हा सगळ्या शहरातली थांबायची का? तरी दुसऱ्या दिवशी जायचातच ना?' पुढच्या शनिवारी मी दोन्ही बादल्या वेळेवर दाराबाहेर ठेवल्या.

आकडे उतरू लागले. आणि ते काही नुसते फळ्यावर उतरले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. घरोघरी फ्रिजमध्ये 'आधी हे संपवा' असा एक डबा आला. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी भात रांधताना मापाचा पेला वापरायला सुरुवात केली आणि त्यांच्या सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुकानदाराकडे आपण घरचे डबे घेऊन जायला लागलो, तो आधी वैतागला आणि मग त्यानंच बरण्यांची फळी लावली. प्राध्यापक फाटलेले मोजे रफू करू लागले. ते मोजे मी बघितले आहेत, वाखाणण्यासारखे नाहीत.

पण आकडे उतरतच गेले. तीनशे दहाचे दोनशे, दोनशेचे दीडशे, आणि शेवटी शहाण्णव! वॉर्डानं आपल्याला प्रमाणपत्र दिलं, 'घरगुती कचऱ्यात सत्तर टक्के कपात'. ते माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं आहे. सगळे खूश झाले. माझी झोप उडाली. कारण एकतीस वर्षांत मी हे पाहिलं होतं. ज्या घराचं मीटर असं एकाएकी मंदावतं, तिथे एकतर माणसं गावाला गेलेली असतात, नाहीतर कुठेतरी पाणी मुरत असतं. आपल्यापैकी कोणी गावाला गेलं नव्हतं. आमच्या घरचा आकडा नवावरून अडीचवर आला होता, आणि जेवणारा मी तोच होतो, भूकही तीच होती.

मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. आणि एका शनिवारी सकाळी, तोलणं सुरू व्हायच्या आधी, मला हवं ते दिसलं. काटाबाई मागच्या फाटकातून हातगाडी ढकलत आत येत होत्या आणि गाडीवर तीन पोती होती. बाई इमारतीतून कचरा बाहेर नेतात हे ठीक, पण आत आणतात? मी पुढचे चार शनिवार जिन्याच्या खिडकीत उभा राहिलो. दर वेळी पोती यायची आणि खड्ड्यात रिकामी व्हायची. मी मनाशी निकाल लावून टाकला. जवळपासच्या कुठल्यातरी हॉटेलाशी या बाईंचं साटंलोटं आहे, त्यांची घाण ही आपल्या खड्ड्यात जिरवते. मी बाईंना विचारलं का? नाही. तपासनिसानं संशयिताला आधी विचारायचं नसतं, तो सावध होतो. मी सरळ कागद काढला आणि लिहिलं, 'सदर बाई बाहेरचा कचरा आवारात आणतात.'

समितीनं बाईंना बोलावलं. त्या एवढंच म्हणाल्या, 'पोती मी आणते, हे खरं आहे.' कुठून, का, कोणाची, याबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. मला वाटलं, गुन्हा कबूल झाला. खड्ड्याची किल्ली बाईंकडून काढून घेतली आणि विश्वासू माणूस म्हणून ती माझ्याकडे दिली. त्या दिवसापासून फाटकातल्या रखवालदारानं बाईंची पिशवी जाताना उघडून बघायला सुरुवात केली. हे माझ्याच सूचनेवरून. बाई रोज थांबायच्या, पिशवी उघडायच्या, मिटायच्या आणि जायच्या. त्या एकदाही माझ्यावर रागावल्या नाहीत, आणि तेव्हा मला त्याचाही संशय आला.

खड्डा माझ्या ताब्यात आल्यावर त्याचं काय झालं ते तळमजल्यावरच्या मंडळींना ठाऊक आहे. त्यात पाला किती घालायचा, कधी ढवळायचा, हे मला कळेना. तीन महिने माश्या झाल्या. त्याबद्दल मी वेगळी दिलगिरी व्यक्त करतो.

आता चार आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. मला वाटत होतं, बाई अजून कुठूनतरी पोती आणत असणार. त्यांना रंगेहाथ पकडावं म्हणून संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या बागेत झाडामागच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे तीन मोठ्या कचराकुंड्या आहेत. सहा वाजून दहा मिनिटांनी एक बाई आल्या. हातात वाचनालयाची कापडी पिशवी. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पिशवीतून एक पुडकं काढलं, कुंडीत टाकलं आणि वाचनालयाच्या दिशेनं ताठ मानेनं निघून गेल्या.

मंडळी, त्या आमच्या सौभाग्यवती होत्या.

ही गेल्यावर मी उठून कुंडीत डोकावलो. पुडकं वर्तमानपत्राचं होतं आणि बारीक तारेनं पिळून बांधलेलं होतं. मीटरला सील मारायची ती तार. नोकरीतून उरलेली एक गुंडी माझ्या कपाटात आहे, तीच. ज्या तारेनं मी आयुष्यभर लोकांच्या चोऱ्या बंद केल्या, तिनं माझ्या घरची चोरी बांधलेली होती. मी झाडामागच्या बाकावर परत येऊन बसलो. तेवढ्यात दंतवैद्य आले, औषधांच्या खोक्यात काहीतरी घेऊन. मग प्राध्यापक. मग दोन वहिनी एकत्र, हसतखिदळत, आणि मला न बघता. सात वाजेपर्यंत माझ्या मोजणीप्रमाणे एकतीस जण येऊन गेले. शेवटचे इसम छत्रीत पुडकं लपवून आले होते. पावसाळा नव्हता. अध्यक्षसाहेब, मी नाव घेत नाही, आपणही खोकू नका.

शनिवारी फळ्यावर आकडा कमी दिसावा म्हणून शुक्रवारी अर्धी इमारत बागेत फिरायला जात होती.

हे मी बागेच्या माळीबुवांना विचारलं. ते म्हणाले, 'हे आजचं नाही, साहेब. सहा वर्षं चाललंय. आधी बरं होतं. त्या काटेवाल्या बाई शनिवारी सकाळी हातगाडी घेऊन यायच्या, यातलं ओलं निवडायच्या आणि परत तुमच्याच इमारतीत न्यायच्या. आठ महिने झाले, येत नाहीत. आता सगळं डेपोच्या गाडीत जातं.'

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते काय, हे मला त्या बाकावर कळलं. मी ज्याला बाहेरचा कचरा म्हणून कागदावर लिहिलं, तो आपला होता. आपण तो लपवून टाकत होतो, त्या तो निवडून परत आणत होत्या, आणि मी त्यांना कचरा आणणारी म्हणून पकडून दिलं.

घरी आल्यावर मी हिला विचारलं. मला वाटलं, ही नाकबूल करेल. ही म्हणाली, 'पहिल्या आठवड्यात नऊ किलो भरल्यावर तुम्ही नाश्त्याच्या वेळी काय बोललात, आठवतंय? आपल्या घरात गळती आहे म्हणालात. मग रोज बादलीत वाकून बघायला लागलात, आणि हे का टाकलं, ते का टाकलं. फळ्याची भीती नव्हती हो मला. तुमची होती.' मी सगळ्या इमारतीवर नजर ठेवून होतो, आणि माझ्या घरात माझी बायको मला घाबरून साली लपवत होती. याहून लाजिरवाणं मला काही ठाऊक नाही.

काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल. ...ही म्हणते, नुसतं सालांचं पुडकं नसायचं, भातही असायचा, आणि वजन दोन किलो असायचं. ठीक आहे, दोन किलो.

दुसऱ्या दिवशी मी काटाबाईंच्या घरी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. एक खोली, तीत चार माणसं, आणि खिडकीतून समोर कचरा डेपो दिसतो. बाईंची नात खिडकीशी बसून नळीतून औषधाची वाफ घेत होती. बाई म्हणाल्या, 'तुमच्याकडे तेव्हा अकरा दिवस धूर होता. आमच्याकडे कमीजास्त रोजचाच आहे.'

मी विचारलं, 'तुम्ही समितीपुढे बोलला का नाहीत?'

त्या म्हणाल्या, 'बाहेरचा नव्हे म्हटलं असतं, तर कोणाचा ते सांगावं लागलं असतं. पहिलं पुडकं तुमच्याच घरचं निघालं असतं, त्या तारेवरून. तुम्ही वहिनींना किती बोलला असतात ते मला माहीत होतं.'

तरीही, मंडळी, मी तो मीच. मी विचारलं, 'पण बाई, यात तुमचा काय फायदा होता?'

बाई हसल्या. 'शोधा तुम्ही. सापडला तर मलाही सांगा.' मग म्हणाल्या, 'साहेब, लोक थोडं लपवत होते, पण बरंच खरोखर कमी करायला शिकले होते. हे उघडं पडलं असतं तर म्हणाले असते, सगळंच खोटं होतं, पुसा तो फळा. मग कमी झालेलंही परत वाढलं असतं. ते सगळं आमच्याच खिडकीसमोर येऊन पडतं.'

त्यांनी एक वही दाखवली. बागेतून परत आणलेल्या कचऱ्याचं दर आठवड्याचं वजन तिच्यात होतं. नावं नव्हती, फक्त वजनं. अर्थात मी वहीवर विश्वास ठेवला नाही. गेले तीन शनिवार मीच हातगाडी घेऊन बागेत गेलो, निवडलं, तोललं, परत आणलं. रखवालदारानं माझी पोती उघडून बघितली आणि माझ्याबद्दल समितीकडे तोंडी तक्रार केली, हे योग्यच झालं. वजन तिन्ही वेळा अठ्ठावन्नच्या आसपास आलं. म्हणजे आपला खरा आकडा शहाण्णव नाही, एकशे चौपन्न आहे. तीनशे दहाचा जवळजवळ निम्मा.

सत्तर टक्के खोटे आहेत. पण पन्नास टक्के खरे आहेत, हे मी स्वतः हुकाला लावून बघितलेलं आहे. कोणीही येऊन तपासावं. आणखी एक. फळ्यावर कायम तळाला असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या ताई, ज्यांच्याकडे बघून आपण नाकं मुरडली, त्या मी बाकावर बसलो त्या चारही शुक्रवारी एकदाही बागेत आल्या नाहीत. पुडकी ज्याची त्याच्या आकड्यात मिळवली तर त्या वरून पाचव्या येतात. ताई, उभ्या राहू नका, बसा. पण ऐकून घ्या.

निमंत्रणपत्रिका वाचल्याबरोबर मी कचेरीत गेलो आणि तक्रार मागे घेतो म्हणालो. कारकुनानं छापील कागद पुढे केला. मी कारणाच्या रकान्यात 'गैरसमज' लिहिलं. तो म्हणाला, 'चालणार नाही. गैरसमज कसा झाला आणि कसा दूर झाला ते लिहा, आणि समितीच्या दोघांच्या सह्या आणा.' मी तो कागद अध्यक्षांना आणि चिटणिसांना दाखवला. तेव्हा ते म्हणाले, 'काका, प्रमाणपत्र जाईल. इमारतीची अब्रू जाईल. त्यापेक्षा ठरल्याप्रमाणे बाईंना मानानं निरोप देऊ, हार घालू, आणि तुम्ही तेवढं भाषण गोड करा.' आता मला कळलं, कसला वास येत होता.

तो कागद माझ्या खिशात आहे. अध्यक्षसाहेब, तुम्ही माझा सदरा ओढता आहात. फाटला तर सुक्या कचऱ्यात जाईल.

वाचतो. 'तक्रारीत उल्लेखलेला कचरा बाहेरचा नसून आमच्याच इमारतीतला होता. आम्ही तो बागेत नेऊन टाकत होतो. सदर बाई तो परत आणून खड्ड्यात घालत होत्या. दोष तक्रारदाराचा व रहिवाशांचा आहे, बाईंचा नाही.' खाली माझी सही आहे. साक्षीदाराची जागा रिकामी आहे. समितीच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत.

कोण उठलं? ...अगं, तू कशाला? ...ये. पायरी बघ. साक्षीदार म्हणून इथे कर. मंडळी, हिनं काय लिहिलंय ते वाचतो, 'पहिलं पुडकं माझं.' आता टाळ्या वाजवल्यात तर चालेल.

डॉक्टर, तुमच्याकडे बघतोय मी. गेली पंधरा मिनिटं तुम्ही पेन हातात धरून बसला आहात. ...धन्यवाद. नाव वाचता येईल असं लिहा, औषधाची चिठ्ठी नाही ही.

आता अध्यक्ष. काय? पेन चालत नाही? द्या इकडे. ...चालतंय. साहेब, नऊ वर्षांपूर्वी या खोलीत उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, आपणच पाठवलंय. तेव्हा तुम्हाला असं म्हणायला कोणी भाग पाडलं नव्हतं. आजही पाडणार नाही. मी गप्प उभा राहतो.

...

झाली. थांबा, बघतो. योग्य ओळीवर आहे. तारीख घाला, साहेब. आजची. हं.

मॅडम, घ्या. प्रमाणपत्रही उतरवून देऊ का? ...मॅडम म्हणताहेत, त्याचं नंतर बघू, नवीन आकडा पाठवा, आधी शेरा खोडू द्या. खोडला का? मी बघू शकतो का? माफ करा, सवय आहे. ...खोडलाय. मी बघितला.

सभेचा वेळ घेतल्याबद्दल अध्यक्षांचे, फाईल बरोबर आणल्याबद्दल मॅडमचे, बाग आणि खरं बोलणं दोन्ही सांभाळल्याबद्दल माळीबुवांचे, आणि मला घाबरायचं आता सोडल्याबद्दल आमच्या हिचे मी मनापासून आभार मानतो. खड्ड्याची किल्ली टेबलावर ठेवतो. शिलाईवाल्या ताईंनी ती घ्यावी अशी माझी सूचना आहे.

खाली बसण्यापूर्वी वक्ता म्हणतो, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर उदार मनानं क्षमा करावी. मंडळी, तुमच्याजवळ मी तसं काही मागत नाही, आपलं फिट्टंफाट झालं. मागायचं आहे ते एकाच व्यक्तीकडे. काटाबाई, माझं चुकलं ते या अर्ध्या तासात नाही. आठ महिने तुम्ही रोज फाटकात पिशवी उघडून दाखवलीत, त्या प्रत्येक वेळी चुकलं. मी तुमची क्षमा मागतो.

नाही, हात जोडू नका. 'असू दे, असू दे' म्हणू नका. तुम्ही इतक्या झटकन माफ केलंत, तर माझा विश्वास बसणार नाही. सवडीनं करा. मी थांबायला तयार आहे.

धन्यवाद.